अस्सलबरहुकूम नक्कल आणि उसनी तार

जे यंत्र दूरध्वनीच्या तारेला जोडल्यावाचून निरुपयोगी ठरते, ते दूरध्वनीच्या मागाहूनच जन्माला आले असणार, असा तर्क कोणीही सहज करील. परंतु फॅक्सयंत्राच्या बाबतीत तो सपशेल चुकतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने दूरध्वनीचे पेटंट मिळविले ते १८७६ साली. त्याच्या ३३ वर्षे आधी, १८४३ मध्ये, स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडील केथनेस परगण्यात एका गरीब कुळाच्या घरी जन्मलेल्या आणि घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी करून लंडनला नशीब काढावयास आलेल्या अलेक्झांडर बेन नामक इसमाने, तारेच्या एका टोकाकडील आकृती दुसऱ्या टोकाशी जशीच्या तशी उमटविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. युक्ती घड्याळजीलाच सुचावी अशी होती. दोन गावी दोन लंबक एकाच लयीत झुलत ठेवावयाचे. इकडच्या लंबकाची काडी धातूच्या उठावदार अक्षरांवरून घासत जाताना जेथे धातू लागेल तेथे विद्युत्प्रवाह वाहील, आणि तिकडच्या लंबकाची काडी रसायनात भिजविलेल्या कागदावर नेमक्या त्याच जागी डाग पाडील. प्रत्येक झोक्यानंतर दोन्हीकडे पत्रा नि कागद केसभर पुढे सरकावयाचा, की काम झाले. कल्पनेत खोट नव्हती. खोट होती ती लंबकांच्या चालीत, कारण दोहोंपैकी एक जरी किंचित मागे पडला तरी तिकडची आकृती तिरपी होऊन विस्कटे. दोन ठिकाणची दोन घड्याळे एकाच ठोक्यावर चालली पाहिजेत ही या विद्येची पहिली अट. आणि पुढे दीडशे वर्षांनी डिजिटल तारेवर फॅक्स चालविताना कचेऱ्यांतील कारकुनांच्या नाकी नऊ आले त्याच्या मुळाशीही पुष्कळदा हीच अट होती.

बेनच्या मागून फ्रेडरिक बेकवेल याने लंबकाऐवजी फिरती नळकांडी योजून १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात आपले यंत्र मांडले. परंतु ही विद्या व्यवहारात उतरविण्याचा मान मिळाला तो जोव्हानी कासेली या इटालियन धर्मोपदेशकास. तिसऱ्या नेपोलियनचा आश्रय लाभून १८६५ मध्ये पॅरिस आणि लियाँ या शहरांच्या दरम्यान त्याच्या पॅनटेलिग्राफची सेवा लोकांस खुली झाली. पुरुषभर उंचीचा तो लोखंडी सांगाडा, त्यात झुलणारा जड लंबक, कथलाच्या पातळ पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईने लिहिलेला मजकूर आणि पलीकडे ओलसर कागदावर उमटत जाणारी निळी अक्षरे, असा तो सारा थाट होता. पेढीवाल्यांना त्याचे अगत्य होते ते मुख्यतः सह्या पडताळण्यापुरते. साध्या तारेने मजकूर पोहोचे, सही पोहोचत नसे; आणि ज्या व्यवहारांत मजकुरापेक्षा हस्ताक्षरालाच अधिक मोल, अशा हुंड्या, करारनामे व हुकूम यांच्या कामी तारायंत्र लंगडे पडे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ही सेवा खंडित झाली ती कायमचीच. त्यानंतर जर्मनीत आर्थर कोर्न आणि फ्रान्समध्ये एदुआर बेलँ यांनी तारेवरून छायाचित्रे धाडण्याची सिद्धी मिळविली व वृत्तपत्रांनी ती उचलली. परंतु ते सर्व खास भाड्याने घेतलेल्या तारांवरचे आणि श्रीमंती काम होते, सामान्य कचेरीशी त्याचा संबंध आला नाही.

कचेरीशी संबंध आला तो फॅक्सने दूरध्वनीच्या घरात बिऱ्हाड केले तेव्हा. १९६६ साली झेरॉक्स कंपनीने बाजारात आणलेला मॅग्नाफॅक्स टेलिकॉपियर ४६ पौंड वजनाचा होता आणि पत्राएवढा एक कागद धाडावयास त्याला सुमारे सहा मिनिटे लागत. पण त्याची खरी करामत वेगात नव्हती. अमेरिकेत त्या काळी दूरध्वनी कंपनीच्या तारेला परके यंत्र जोडण्यास सक्त मनाई असल्यामुळे, हे यंत्र तारेला स्पर्शच करीत नसे. दूरध्वनीचा रिसीव्हर त्याच्या खोबणीत उपडा ठेवावयाचा आणि यंत्राने त्यात मनुष्याप्रमाणे आवाज करावयाचा, अशी तोड काढलेली होती. मुंबईच्या चाळीत मालकाच्या नकळत राहणारा पोटभाडेकरू जसा घरच्याच माणसांसारखा वावरतो, म्हणजे कोणाला शंका येत नाही, तसे हे यंत्र ३०० ते ३४०० हर्ट्झ या, मनुष्यवाणीसाठी राखून ठेवलेल्या अरुंद पट्ट्यात, वाणीचे सोंग घेऊन राहू लागले. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने परकी यंत्रे जोडण्याची मनाई अमेरिकेत उठली आणि रिसीव्हर उपडा ठेवण्याची गरज संपली; सोंग मात्र तसेच राहिले. तार बोलण्यासाठी आहे, चित्रासाठी नाही, ही गोष्ट फॅक्सला शेवटपर्यंत विसरता आली नाही, आणि माझ्या मते त्याचा सारा उत्कर्ष व सारी विपत्ती या एकाच गोष्टीत सामावलेली आहे.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलेनात, तेव्हा सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९६८ मध्ये पहिला, १९७६ मध्ये दुसरा आणि १९८० मध्ये तिसरा गट ठरवून दिला. पहिल्यास पानाला सहा मिनिटे, दुसऱ्यास तीन, आणि तिसऱ्यास एक मिनिटाहूनही कमी. जगभर ज्याने कचेऱ्या व्यापल्या तो हा तिसरा गट, आणि त्याची घडण जवळून पाहण्याजोगी आहे. पानाच्या रुंदीत १७२८ बिंदू आणि उंचीच्या प्रत्येक मिलिमीटरात ३.८५ ओळी, या हिशेबाने एका पानाचे जवळजवळ २० लाख काळेपांढरे बिंदू होतात. ते एकेक करून धाडू म्हटले तर सेकंदाला ९६०० अंकांच्या (म्हणजे शून्य-एकांच्या) वेगानेही साडेतीन मिनिटे लागतील. म्हणून यंत्र बिंदू धाडीत नाही, पट्ट्यांची लांबी धाडते: इतके पांढरे, मग इतके काळे, मग पुन्हा इतके पांढरे. कोऱ्या ओळीचे सगळे १७२८ बिंदू अशा रीतीने अवघ्या १७ अंकांत सांगून होतात. नेहमी भेटणाऱ्या लांबीस आखूड संकेत आणि क्वचित भेटणारीस लांब, असा तक्ता समितीने आठ नमुन्याच्या पानांवरून आखला. त्यांत इंग्रजी पत्र होते, फ्रेंच बीजक होते, जपानी मजकूरही होता, देवनागरीचे पान मात्र नव्हते. असे असूनही आमच्या लिपीची त्या तक्त्याने काही अडवणूक केली नाही. शिरोरेखेवरून जाणारी ओळ म्हणजे शब्दागणिक एकेक लांब काळी पट्टी, तेव्हा तेथे यंत्राचा फायदा, आणि काना-वेलांट्यांतून जाणारी ओळ म्हणजे दोनतीन बिंदूंच्या बारीक काळ्या पट्ट्यांची रांग, ज्यांचे संकेत तक्त्यात सर्वांत आखूड, म्हणून तेथेही फारसा तोटा नाही.

पान सुटण्यापूर्वी दोन यंत्रांमध्ये जो जाबसाल होतो तो ज्याने कानाला रिसीव्हर लावून ऐकला असेल त्याच्या तो कायमचा ध्यानात राहिला असेल. क्रमांक लावणारे यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा स्वर काढून आपण मनुष्य नसल्याची वर्दी देते; पलीकडचे यंत्र उचलून २१०० हर्ट्झचा अखंड, कर्कश स्वर तीनएक सेकंद लावते. मग सेकंदाला ३०० अंक अशा कूर्मगतीने पलीकडचे आपली ऐपत सांगते, की मी या या वेगाने व या या बारकाईने पान घेऊ शकतो. इकडचे त्यातून एक वेग निवडून कळविते आणि दीड सेकंद केवळ शून्यांची माळ त्या वेगाने पाठवून पाहते. शून्ये धडपणे पोहोचली तर पुढे हुकूम मिळतो. न पोहोचली तर ९६०० वरून ७२००, त्यावरून ४८००, त्यावरून २४०० असे एकेक पायरी उतरत पुन्हा परीक्षा होते. पान संपले की पलीकडून पोच येते, आणि ती पोच छापलेली चिठ्ठी मूळ पत्राला टाचून फायलीत लावणे हा आमच्या कारकुनांचा आवडता पुरावा होता.

आमच्याकडे हे यंत्र १९८० नंतरच्या दशकात रुळले, आणि मराठीपुरते बोलावयाचे तर त्याने एक जुनी कुचंबणा संपविली. तारेची भाषा रोमन अक्षरांची. घरोघर धडकी भरविणारी ‘मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली’ ही तार इंग्रजीतच येई, आणि मराठी मजकूर धाडावयाचा तर तो रोमन लिपीत घालून पलीकडे कोणी तो पुन्हा मराठीत आणावा लागे. पुढे देवनागरी तारांची सोय झाली, देवनागरी टेलिप्रिंटरही आले; परंतु ते ठराविक ठिकाणी. फॅक्सला लिपीच कळत नसल्यामुळे त्याला सर्व लिप्या सारख्याच. जिल्ह्याच्या गावचा वार्ताहर आपल्या हस्ताक्षरात, काटाकाट व समासातील भर यांसह, बातमी लिहून एसटीडीच्या बूथवरून मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्राला धाडू लागला आणि उपसंपादकाच्या टेबलावर त्याचे गिचमीड अक्षर जसेच्या तसे उतरू लागले. जपानात फॅक्स इतरांआधी फोफावला त्याचे कारणही हेच होते. हजारो चित्राक्षरांच्या लिपीला टंकयंत्र आणि टेलेक्स दोन्ही प्रतिकूल. एकच क्रमांक बोलण्यासाठी व फॅक्ससाठी वापरण्याची काटकसर आपल्याकडे सार्वत्रिक असल्यामुळे, आधी फोन करून ‘जरा फॅक्स टोन द्या’ असे सांगावयाचे, पलीकडच्याने हिरवे बटण दाबावयाचे, आणि दहा मिनिटांनी ‘फॅक्स मिळाला का, शेवटची ओळ वाचून दाखवा’ म्हणून पुन्हा फोन करावयाचा, असा एक शिष्टाचारच पडून गेला.

परदेशीच्या फॅक्सची वाट निराळी होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ पासून उपग्रहाचे भूकेंद्र होते. तेथून निघालेला ध्वनी सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली उतरावयाचा, म्हणजे एका दिशेस पाव सेकंद लागावयाचा. बोलणाऱ्याला आपल्याच शब्दाचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून अशा मार्गांवर प्रतिध्वनिरोधक बसविलेले असत, आणि ते एका वेळी एकालाच बोलू देत. मघाच्या जाबसालात सांगितलेल्या २१०० हर्ट्झच्या कर्कश स्वराचे दुसरे काम येथे होते. तो ऐकला की हे रोधक आपण होऊन बाजूला होत.

आता डिजिटल तारेकडे वळू. अॅलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्याने १९३८ मध्ये पॅरिसमध्ये असताना एका कल्पनेचे पेटंट घेतले: आवाज सेकंदाला काही हजार वेळा मोजावा आणि आवाजाऐवजी ती मापेच अंकांच्या रूपाने पाठवावी, म्हणजे वाटेतील खरखर मजकुरात मिसळत नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर ती परवडू लागली; सेकंदाला ८००० मापे, प्रत्येक माप ८ अंकांचे, म्हणजे एका संभाषणास सेकंदाला ६४,००० अंक, हा हिशेब जगभर रूढ झाला. भारतात १९८४ मध्ये देशी एक्स्चेंजे घडविण्यासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेची स्थापना झाली, १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर येथे तिचे ग्रामीण एक्स्चेंज चालू झाले, मनकापूरच्या आयटीआय कारखान्यात फ्रेंच पद्धतीची ई-टेन-बी एक्स्चेंजे बनू लागली, आणि त्याच वर्षी मुंबई-दिल्लीचा कारभार नव्या महानगर टेलिफोन निगमाकडे आला. डिजिटल झाल्यामुळे फॅक्सचे बिघडले असा एक समज आहे, तो निराधार होय. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजातील खडखडाटाने ज्या तारांवर पान फाटक्या धोतरासारखे उतरत असे त्याच तारांवर नव्या एक्स्चेंजनंतर ते स्वच्छ उतरू लागले. गंमत एवढीच की व्यवहार मोठा वळशाचा होता: यंत्र पानाचे अंक करी, अंकांचा आवाज करी, एक्स्चेंज त्या आवाजाचे पुन्हा अंक करी, पलीकडचे एक्स्चेंज त्यांचा आवाज करी, आणि पलीकडचे यंत्र त्या आवाजाचे पुन्हा अंक करी. ६४,००० अंकांची गाडी भरून ९६०० अंकांचा माल जावयाचा. हा वळसा टाळण्यासाठी समितीने १९८४ मध्ये चौथा गट नेमला, जो आयएसडीएन या घरापर्यंत डिजिटल असलेल्या दूरध्वनीच्या तारेवरून अंकच्या अंक धाडी आणि काही सेकंदांत पान पोहोचवी. परंतु पलीकडेही तसलेच महागडे यंत्र असावे लागे, आणि ते नसेच. शास्त्रदृष्ट्या निर्दोष असा हा गट वापराअभावी मेला.

खरी अडचण उत्पन्न झाली ती कचेरीच्या चार भिंतींत. डिजिटल ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीची स्वतःची लहान एक्स्चेंजे, आले. साहेबांच्या टेबलावर बटणांचे, पडद्याचे टेलिफोन आले. आणि भिंतीतील खोबण मात्र पूर्वीचीच राहिली. फॅक्सची पिन त्या खोबणीत बिनबोभाट बसे, आणि आत डायल टोन नसे, कारण त्या दोन तारांवरून आवाज नव्हे तर त्या कंपनीच्या टेलिफोनालाच उमगणारे अंक धावत असत. काही पद्धतींत तर त्या तारेवरील विजेने फॅक्सचा मोडेम, म्हणजे अंकांचा आवाज करणारा भाग, जळण्याचीही भीती असे. उपाय असा की ईपीएबीएक्समध्ये साध्या टेलिफोनांसाठी असलेल्या कार्डावरून फॅक्सला अॅनालॉग एक्स्टेन्शन द्यावे, अथवा त्याहून बरे म्हणजे ईपीएबीएक्सला वळसा घालून ‘डायरेक्ट लाइन’ द्यावी. कोणत्याही कचेरीतील जाणता ऑपरेटर फॅक्सची डायरेक्ट लाइन दुसऱ्या कशाला देऊ देत नसे, आणि त्याचे बरोबर असे.

यापुढची व्याधी अधिक गूढ. मोठ्या कचेऱ्यांनी एक्स्चेंजपासून पीआरआय घेतली, म्हणजे सेकंदाला २०,४८,००० अंकांची एक तार व तिच्यात ३० संभाषणांची सोय. या तारेवर दोन्ही टोकांनी एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालावयाचे असते, आणि ते घड्याळ एक्स्चेंजचे. जोडणी करणाऱ्याने ईपीएबीएक्सला एक्स्चेंजचे घड्याळ न देता स्वतःच्याच घड्याळावर चालू ठेवले, तर दोहोंतील सूक्ष्म फरक साचत जाऊन अधूनमधून सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाएवढी एक चौकट गळते किंवा दोनदा मोजली जाते. बोलणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही, फार तर बारीकसा ‘टिक्’ ऐकू येतो. फॅक्सच्या मोडेमचा ताल मात्र तेवढ्याने सुटतो, पाचसात ओळी चिरफळतात, किंवा तिसऱ्या पानावर संपर्क तुटतो. अशा वेळी कागदाचा रोल बदलला जाई, यंत्र दुरुस्तीला जाई, शिपायाला बोल लागे. आणि दोष असे तो बेनच्या दोन लंबकांचा.

शेवटी घरमालकानेच राहणी बदलली. दूरध्वनी इंटरनेटच्या पाकिटांतून जाऊ लागला तेव्हा ६४,००० अंकांचा खर्च नकोसा झाला. १९९६ च्या जी-७२९ या संकेताने तेवढेच संभाषण ८००० अंकांत बसविले. ते कसे, तर आवाज जसाच्या तसा न पाठविता मनुष्याच्या कंठाचे गणिती प्रतिरूप धरून, ‘हा ध्वनी असा निघाला असावा’ एवढेच सांगून. ज्याला कंठच नाही त्या फॅक्सचे सोंग येथे उघडे पडले. मनुष्यवाणी समजून केलेल्या काटछाटीत त्याचे अंक राहिलेच नाहीत. त्यात शांततेच्या वेळी पाकिटे न पाठविण्याची काटकसर, उशिरा आलेली पाकिटे टाकून देण्याची रीत, आणि जेथे तेथे प्रतिध्वनिनाशक. तेव्हा फॅक्स चालेना यात नवल नव्हते. तोड दोन प्रकारची निघाली. एक, त्या तारेपुरता जी-७११ हा जुना ६४,००० अंकांचा संकेत राखावा, शांततेची काटकसर बंद करावी आणि नव्या यंत्रांचा वाढलेला वेग ९६०० वर उतरवावा. दुसरी, १९९८ चे टी-३८ वापरावे: त्यात कचेरीतले लहानसे अडॅप्टर स्वतःच पलीकडचे फॅक्सयंत्र असल्याचा बहाणा करून येथील यंत्राच्या आवाजातून अंक सोडवून घेते, अंकांचीच पाकिटे करून रवाना करते, आणि पलीकडचे अडॅप्टर त्यांचा पुन्हा आवाज करून तेथील यंत्राला ऐकविते. मात्र दोन्ही टोकांची सेवा टी-३८ मानणारी असली पाहिजे, आणि वाटेतल्या एखाद्याच कंपनीने ती मानली नाही की मुसळ केरात. चुकलेला भाग पुन्हा मागून घेणारी ईसीएमची सोय अशा तारेवर चालू ठेवावी की बंद, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. चालू ठेवल्यास पान आले तर निर्मळ येते, पण कधी कधी येतच नाही, आणि बंद केल्यास ओरखडे पडून का होईना, येते. कचेरीच्या कामाला मी दुसरा पक्ष पत्करीन.

इतके होऊनही यंत्र सुटले नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१८ मध्ये जवळजवळ ९००० फॅक्सयंत्रे चालू असल्याचे आढळले आणि २०१९ च्या जानेवारीपासून नवी घेण्यास बंदी झाली. जपानात २०२१ मध्ये सरकारी कचेऱ्यांतून ती काढण्याचा बेत खात्यांच्या हरकतींपुढे टिकला नाही. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापण्याचा दावा राजभवनाकडे फॅक्सने पाठवू पाहिला, तो तेथे उतरला नाही असे त्यांनी जाहीर केले. ईदची सुटी असल्यामुळे फॅक्स घ्यावयास कोणी नव्हते, असा राज्यपालांचा खुलासा आला, आणि विधानसभा त्याच दिवशी बरखास्त झाली. सहीची अस्सलबरहुकूम नक्कल क्षणात पोहोचते, ही कासेलीच्या पेढीवाल्यांना पटलेली गोष्ट राज्यकर्त्यांनाही पटलेली होती. तार आणि माणूस या दोहोंचा भरवसा मात्र कोणी देऊ शकला नाही.

वाचकांस एक विनंती. ज्यांच्या कपाटांत त्या काळच्या गुळगुळीत थर्मल रोलवर उतरलेले फॅक्स अद्याप फायलींत असतील, विशेषतः ज्यांत कोणाचे हस्ताक्षर, करार किंवा बातमीची मूळ प्रत असेल, त्यांनी ते आजच उघडून पाहावेत. तो कागद उष्णतेने काळा होणारा आहे आणि त्यावरील अक्षर प्रकाशाने व प्लास्टिकच्या पाकिटांच्या संसर्गाने विटत जाते. अनेकांचे एव्हाना पुसटही झाले असेल. जे वाचता येते त्याची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी किंवा ते स्कॅन करावे. टिकावे म्हणून लॅमिनेशन मात्र कदापि करू नये. त्या यंत्राच्या उष्णतेने सबंध पान एका क्षणात काळे पडते.